मोगऱ्याचा नखाएवढा तुकडा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या परड्यातला मोगरा हिरवा फुलला. कळी धरली, फुगली, आणि पांढरी व्हायच्या वेळेला तिच्या पाकळ्यांची बारीक बारीक पानं झाली. एका देठावर पानांचा झुबका, झुबक्यातून पुन्हा देठ, त्यावर पुन्हा झुबका. एक फूल चुरगळून नाकाशी धरलं, मग दुसरं धरलं. गवताचा वास. मोगऱ्याचा म्हणून काही नाहीच.

हा मोगरा माझ्या बायकोनं लावलेला. कसबा बावड्यात शेताच्या कडेला आम्ही घर बांधलं तेव्हा विटांचा ढीग हलायच्या आधीच तिनं न्हाणीच्या सांडपाण्यावर काडी खोचली होती. ती गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तो पांढराच फुलला. दुसऱ्या उन्हाळ्यात हे असं. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, घरात मी. म्हणजे मी रडत बसलो होतो असं कुणी समजू नये. भाकरी मला येते. ऊस आहे, एक म्हैस आहे. पण समोर बोलायला कुणी नसलं की माणूस हळूहळू वस्तूंशी बोलायला लागतो. मी सकाळी दात घासताना मोगऱ्याशी बोलायचो. काय बोलायचो ते इथं सांगत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे लिहायला मला वेळ लागतो, पण दुसऱ्याला सांगून लिहून घेणं मला जमणार नाही. तो माझी वाक्यं सुधारील.

परड्याच्या कुंपणापलीकडं शेजाऱ्याची मोगऱ्याची बाग आहे. मुसलमानाचं घर, आजापासून फुलांत. त्याची फुलं पहाटे तोडून बाजारात जातात. तो माझ्याहून लहान, मला तात्या म्हणतो, माझ्या बायकोला वैनी म्हणायचा. त्यानं कुंपणावरून वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"तात्या, ह्यो रोग हाय. माझ्या बागेत शिरला तर मी काय करू?"

मी म्हणालो, उन्हानं झालं असंल. तो गप्प बसला. त्याचं खरं असतं तेव्हाच तो गप्प बसतो, म्हणून मला त्याच्या गप्प बसण्याचा फार राग येतो.

गल्लीतल्या बायकांनी निराळंच काढलं. वैनींचा जीव झाडात अडकलाय, म्हणून फूल उमलंना, असं एकीनं मला ऐकू येईल अशा आवाजात म्हटलं. मी तिला तिथंच सांगितलं की, तिचा जीव कुठं अडकून बसणारा नव्हता, तिला कामं असायची.

मग शेजाऱ्यानं मला न विचारता कॉलेजातल्या एका बाईंना बोलावून आणलं. झाडांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या, तरण्या, राधानगरीकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. आल्या आल्या मला आजोबा म्हणाल्या. मी म्हणालो, आजोबा म्हणू नका, मी अजून ऊस तोडतो. तेव्हापासून काका म्हणायला लागल्या. मी मात्र त्यांना बाईच म्हणत राहिलो.

बाईंनी थोडी पानं नेली आणि काही दिवसांनी कागद घेऊन आल्या. कागदावर रोग होता. झाडाच्या शिरांतून रस वाहतो, त्यात एक जीव शिरतो, अगदी बारीक. तुडतुडे रस शोषतात आणि या झाडावरून त्या झाडावर त्याला नेतात. मग झाड फूल करायचं विसरतं आणि पानंच करत बसतं. यावर औषध नाही. उपटून जाळायचं. बाई सांगत होत्या आणि शेजारी जमिनीकडं बघत उभा होता.

मी विचारलं, तुम्ही बघितला का तो जीव? त्या म्हणाल्या, चाचणीत आला. मी म्हणालो, चाचणीत न्हवं, डोळ्यांनी? त्या म्हणाल्या, डोळ्यांनी नाही, पण त्यानं काही फरक पडत नाही, चाचणी पक्की आहे.

"मला फरक पडतो," मी म्हणालो. "डोळ्यांनी दावा. दावलासा की मी माझ्या हातानं उपटतो. कागदावर मी माझं झाड मारणार न्हाई."

बाई चिडतील असं वाटलं होतं. त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसत नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तसे फोटो मलाही माझ्या कामाला हवेतच, आणि इतकं जुनं झाड मला दुसरीकडं कुठं मिळणार नाही. पण वेळ लागेल.

"आणि तवर माझी बाग?" शेजारी म्हणाला.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. बाईंनी तोड काढली. तुडतुडा बाहेर जाता कामा नये आणि आत येता कामा नये, म्हणून झाडाला बारीक जाळी लावायची. विकत आणेपर्यंत कशाला थांबा, म्हणून मी घरातली मच्छरदाणी आणली. बांबू रोवून ती मोगऱ्यावर ताणली, खालून माती लावून बंद केली. शेजाऱ्यानं स्वतः फिरून कुठं भोक नाही ना ते बघितलं.

ही गोष्ट गावभर झाली. चहाच्या टपरीवर एकानं मला विचारलं, "तात्या, मोगऱ्याला मच्छरदाणी लावलीसा म्हणं. वैनीला कधी लावलीतीसा काय?" सगळे हसले, मीही हसलो. कोल्हापुरात असल्या बोलण्यावर जो हसत नाही तो कायमचा कामातून जातो. घरी येऊन मात्र मी त्या जाळीकडं जरा वेळ बघत बसलो. ती एका माणसापुरतीच मच्छरदाणी होती, आणि तिच्यात मी झोपायचो.

नमुना घेण्याची गोष्ट सांगतो, कारण सगळा घोळ तिथं झाला.

बाईंना हिरवी कळी अगदी नवी, उलगडायच्या बेताला हवी होती, आणि तीही सकाळच्या गारव्यात. नेमकं तेव्हाच त्यांना बाहेरगावी जायचं होतं. म्हणून त्यांनी मला एक छोटी बाटली दिली. तळाशी औषध, थंड राहायला बाहेरून बर्फाचा डबा. ब्लेड दिलं, रबरी हातमोजे दिले. औषध वासाला उग्र, डोळ्यांत पाणी आणणारं. सांगितलं की कळीच्या देठाचा तुकडा औषधाच्या थेंबात ठेवूनच कापायचा आणि लगेच बाटलीत सोडायचा. तुकडा मोहरीएवढा. त्यांनी करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं. "एवढाच, काका. असे चार-पाच पुरे."

आता आमच्याकडं कसं असतं ते सांगायला पाहिजे. पावणं जेवायला बसलं की म्हणणार, थोडंच वाढा, पोट भरलंय. म्हणून कुणी थोडं वाढतं का? ते त्यांचं म्हणायचं असतं आणि आपलं वाढायचं असतं. ताटावर आडवा हात घातला तरी हाताच्या बाजूनं भात पडला पाहिजे. बायको असती तर रिकाम्या हातानं तिनं कुणाला परड्यातून बाहेर सोडलं नसतं. फुलं मागायला आलेल्या बाईला ती ओंजळीनं द्यायची, काडी मागितली तर फांदी. या घरातून मोहरीएवढं काही बाहेर पडलंय असं मला आठवत नाही. आणि ही बाई तर माझ्यासाठी एवढा खटाटोप करणार, मोठ्या यंत्रात बघणार. तिला मी चिमूट देऊ?

मी चांगले टपोरे झुबके निवडले. देठासकट कापले, एकेक बोटाच्या पेराएवढा. बाटलीत दाबून भरले. औषध वर आलं, थोडं सांडलं, झाकण लावायला जोर लागला. हातमोजे माझ्या बोटांना होईनात म्हणून तसंच केलं. बाटली गच्च भरलेली बघून मला बरं वाटलं. म्हटलं, कमी पडलं असं तरी म्हणणार नाही.

काही दिवसांनी बाई आल्या त्या तोंड पाडूनच. एरवी त्या शहरातल्यासारखं बोलायच्या, त्या दिवशी सरळ राधानगरीचं बोलल्या.

"काका, काय केलंसा वो हे? मी मोहरीएवढं सांगितलंतं की."

मी म्हणालो, सांगितलंत, पण मला वाटलं संकोचानं सांगताय.

त्या आधी माझ्याकडं बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता परड्याच्या दगडावर बसल्या. त्यांचे वडील भाताच्या दिवसांत कुणालाही पोत्यापेक्षा कमी दाणा देत नाहीत, असं म्हणाल्या. हसून झाल्यावर त्यांनी मला नीट समजावलं. तुकडा बाहेरून आत मरत जातो. औषध कडेकडेनं शिरतं, पण नखाच्या टोकापलीकडं त्याला लवकर पोचता येत नाही. ते मधोमध पोचेपर्यंत आतली पेशी वाट बघत नाही. ती स्वतःच स्वतःला खायला लागते. माझे झुबके वरून हिरवे, ताठ, बघायला चांगले होते. आत सगळं विरघळलेलं.

"वरनं बघून कळत न्हाई व्हय?" मी विचारलं.

"न्हाई कळत," त्या म्हणाल्या.

पुढच्या वेळेला त्या स्वतः सकाळी आल्या. जाळीची एक बाजू वर करून मी कळी कापून दिली. त्यांनी काचेच्या ताटलीत औषधाचा थेंब सोडला, त्यात देठ आडवा धरला आणि नव्या ब्लेडनं खटाखट तुकडे केले. इतके बारीक की मला चष्मा लावूनही ते तुकडे म्हणून दिसेनात, नुसती हिरवी रवाळ घाण दिसली. घाई केवढी. मी विचारलं, एवढी घाई कशाला? त्या म्हणाल्या, झाडापासून तोडल्यापासून ते आत बदलायला लागतं. ते बदलायच्या आत त्याला थांबवायचं. जसं आहे तसं.

"म्हणजे मारायचं," मी म्हणालो.

"मारायचंच. पण असं की त्याला मेल्याचं कळू नये. बघायचं असलं तर मारावंच लागतं, काका. जितं ठेवून आतलं बघता येत न्हाई."

त्यांनी बाटली बर्फात ठेवली आणि निघून गेल्या. मी जाळी खाली सोडून माती लावली. घरात आलो. दांडीवर बायकोची घरात नेसायची साडी होती, ती जशी वाळत टाकलेली तशी. ती मी काढली नव्हती. कुणी विचारलं तर सांगायचो, वेळ मिळाला नाही.

मग नुसतं थांबणं. या थांबण्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. म्हैस दोनदा दूध देते, भाकरी दोनदा होते, मध्ये दुपार असते. दुपारी मी परड्यात खाट टाकून जाळीतल्या झाडाकडं बघत पडायचो. आत ते हिरवं फुलतच होतं. मुलाचा फोन आला तर तो विचारायचा, जेवलासा का? मी म्हणायचो, व्हय. त्याच्यापुढं दोघांनाही काही सुचायचं नाही. मोगऱ्याचं मी त्याला सांगितलं नाही. त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं, उपटून टाका, आणि ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

शेजारी रोज सकाळी त्याच्या बागेतून फिरायचा, एकेक कळी उलटी करून बघायचा. माझ्याकडं बघून हात वर करायचा, बोलायचा नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा असं झालं की, कुंपणावरून आमचं बोलणं होईना. मलाही तोंड उघडावंसं वाटेना. मला माहीत होतं त्याला काय हवंय, आणि त्याला माहीत होतं की मला ते कळतंय.

एक दिवस मी केएमटीच्या बसमध्ये बसून बाईंच्या प्रयोगशाळेत गेलो. बोलावलं नव्हतं. माझ्या झाडाचं काय चाललंय ते बघायचा मला हक्क आहे, असं मी दारातल्या माणसाला सांगितलं. तो वाद घालणार होता, तेवढ्यात बाईच बाहेर आल्या.

त्यांनी मला सगळं दाखवलं. माझ्या मोगऱ्याचे तुकडे आता काळे पडले होते. दुसऱ्या एका औषधानं काळे होतात, ते औषध काचेच्या कपाटात पंख्याखालीच वापरायचं, डोळ्यांना फार वाईट. मग त्यातलं पाणी काढायचं. एकदम नाही, एकदम काढलं तर पेशी आक्रसते. अल्कोहोलमध्ये बुडवायचं, आधी पातळ, मग जरा कडक, मग आणखी कडक. मी म्हणालो, म्हणजे माझ्या मोगऱ्याला दारू पाजताय. बाई म्हणाल्या, हो, आणि सवय लावून पाजतोय. पाणी सगळं गेलं की त्याच्या जागी पातळ राळ भरायची आणि भट्टीत ठेवून कडक करायची. त्यांनी मला तयार झालेला एक खडा हातावर दिला. पिवळसर, आरपार दिसणारा, डिंकाच्या खड्यासारखा, टणक. त्याच्या टोकाला काळा ठिपका. तो माझा मोगरा.

"आता ह्याला काय व्हत न्हाई?" मी विचारलं.

"काही होत नाही. तुमच्या-माझ्यानंतरही असाच राहील."

मी तो नाकाशी धरला. सवयीनं. प्लास्टिकचा वास आला. मी तो परत दिला.

पुढं त्याचे काप काढतात. काचेच्या धारदार कडेनं, इतके पातळ की पाण्यावर तरंगताना ते सोनेरी दिसतात आणि श्वास लागला तर उडून जातात. मला ते दाखवताना बाईंनी तोंडावर हात धरायला सांगितलं. त्या भिंगाला डोळे लावून बघत होत्या आणि पापणी हलत नव्हती. भात लावणारी बाई चिखलात वाकून एकेक रोप खोचताना अशीच दिसते. आणखी काही लागेल का, असं मी दोनदा विचारलं. त्यांनी ऐकलंच नाही. कुणी तरी आपल्या बायकोच्या झाडासाठी इतकं जपून काम करतंय आणि आपलं तिथं काही काम नाही, हे मला जड गेलं. मी उठून बाहेरच्या बाकावर बसलो.

शेवटी त्यांनी फोन केला. यंत्र शहरातच दुसऱ्या टोकाला होतं. खोलीत अंधार करून ठेवला होता. मी धरून चाललो होतो की दुर्बिणीसारखं डोळा लावून बघायचं असणार. तर समोर पडदा. करडा, ढगाळ.

"हा तर टीव्ही झाला," मी म्हणालो. "हे कुठनं पण आणून दावता येतंय. मला डोळ्यांनी बघायचंतं."

यंत्र चालवणारा गृहस्थ माझ्याकडं वळून बघायला लागला. बाई मात्र मला आता ओळखून होत्या. त्यांनी माझा हात धरून एका गोल बटणावर ठेवला. म्हणाल्या, फिरवा. मी फिरवलं तशी पडद्यावरची सगळी ढगाळ जमीन सरकायला लागली. उलटं फिरवलं, उलटी सरकली. काप आत होता आणि मी त्याला हलवत होतो.

बाईंनी बोटानं दाखवलं. ही शिरेची भिंत, ही पेशी, ही शीर, हिच्यातून रस वाहतो. एका शिरेत काही नव्हतं, मोकळी. पुढच्या शिरेत ते होते. गोल गोल, काही लांबट, एकमेकांना चिकटलेले, फुग्यासारखे, बाहेर पातळ कातडं. शीर त्यांनी गच्च भरलेली. मी बटण फिरवत राहिलो. पुढच्या शिरेतही होते. त्याच्या पुढच्याही. मी मोकळी शीर शोधत होतो हे बाईंना कळलं असणार, कारण त्या काही बोलल्या नाहीत आणि त्या गृहस्थालाही त्यांनी बोलू दिलं नाही.

मी हात काढून घेतला.

"बघितलं," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, एक खडा नेणार का? माझ्याकडं जास्तीचे आहेत, आठवण म्हणून ठेवा. मी म्हणालो, वास न्हाई त्याला. तुमच्याजवळच ठेवा, तुमच्या कामाचा हाय. नंतर त्यांना विचारलं की, दुसरीकडनं काडी आणून लावली तर चालंल का? त्या म्हणाल्या, ज्या झाडाला पांढरी फुलं येतात ते लांबचं असेल तर लावा, पण त्याच खड्ड्यात नको, जुनी मुळी राहिलेली असते. आणि नव्या काडीवर आधी जाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोगरा उपटला. शेजारी खोरं घेऊन कुंपणातून आला होता. मी त्याला म्हणालो, तू बस. तो दगडावर बसला. खोड माझ्या मनगटाएवढं होतं आणि मुळ्या न्हाणीच्या फरशीखाली गेल्या होत्या. एक फरशी उचलावी लागली. दमलो, थांबलो, पुन्हा खणलं. शेजारी मधे उठला नाही, त्याचे मी उपकार मानतो. ओली फांदी पेटेना म्हणून उसाचं पाचट घातलं. जाळी तिच्यावरच टाकली. धूर डोळ्यांत जात होता, दोघांच्याही.

"वैनी असत्या तर त्यांनी पहिल्याच दिवशी उपटला असता," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो. "तुझ्यासाठी उपटला असता."

एवढंच आमचं बोलणं झालं. पण त्या दिवसापासून कुंपणावरून पुन्हा सुरू झालं.

राहिली काडी. माझ्या बायकोनं त्या झाडाच्या काड्या गावभर वाटलेल्या, पण गल्लीतल्या कुणाकडं आता मोगरा उरला नव्हता. कुणी फरशी घातली, कुणी गाडी लावायला जागा केली. एकच ठिकाण मला ठाऊक होतं, पेठ वडगावला तिच्या धाकट्या बहिणीकडं. आणि तिथं मी दोन वर्षं गेलो नव्हतो. बाराव्याला ती माझ्या बायकोच्या साड्या मागायला लागली होती, रीतीप्रमाणंच, बहिणी-भाच्यांत वाटायला. मी नको ते बोललो होतो. चार माणसांत बोललो होतो.

मी कुणाकडं काही मागत नाही. आयुष्यात मागितलेलं नाही. आषाढात एका सकाळी एसटीत बसलो आणि वडगावला उतरलो. बाजाराचा दिवस होता, गर्दीत मला दोनदा वाटलं की पाठीमागं फिरावं.

मेहुणी दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर बघितलं.

"दाजी, वाट चुकलासा काय?"

मी म्हणालो, बाजाराला आलो होतो. माझ्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. तिनं बसायला दिलं, चहा ठेवला. मागच्या दारातून मला त्यांचं परडं दिसत होतं. मोगरा होता. हंगाम संपत आलेला, तरी शेंड्याला काही फुलं होती. पांढरी. मी बसल्या जागेवरून त्यांची पानं झालीत का ते बघत होतो. चहा झाला, पावसाचं झालं, तिच्या सुनेचं झालं. उठायची वेळ आली तरी ते माझ्या तोंडातून निघेना. मग मी उभा राहिलो आणि करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं.

"एक काडी दे मोगऱ्याची. एवढीशी."

तिनं माझ्या नखाकडं बघितलं. आमच्या झाडाचं तिच्यापर्यंत पोचलं होतं की नाही कोण जाणे. ती आत गेली, विळा घेऊन आली.

"एवढीशीनं काय व्हतंय, दाजी," ती म्हणाली आणि परड्यात जाऊन फांद्या तोडायला लागली. मी पुरे म्हणालो. ती तोडतच राहिली. मी पुन्हा पुरे म्हणालो, आणि माझं मलाच कळलं की, ती ते ऐकणार नाही. काखेत मावणार नाही एवढा भारा तिनं ओल्या पोत्यात बांधला, वर फुलं होती तेवढी सगळी कागदात घालून दिली.

दारातून निघताना मी म्हणालो, "सवडीनं येऊन साड्या बघून जा. तुला पाहिजे त्या."

तिनं पदराला हात पुसले. बसथांब्यापर्यंत पोचवायला आली.

एसटीत शेजारच्या माणसानं विचारलं, पावणं, एवढा मोगरा कुणासाठी? मी म्हणालो, घरी लावायला. फुलं माझ्या मांडीवर होती. बावडा येईपर्यंत मी खिडकी बंद ठेवली.

न्हाणीपासून लांब, कुंपणाच्या कडेला मी सगळ्या काड्या खोचल्या. शेजाऱ्यानं नवी जाळी आणून दिली. बऱ्याच काड्या वाळल्या, काही म्हशीनं दावं तोडून खाल्ल्या. आता एक उरली आहे. तिला पान नाही, फुटवा नाही. वरून काळपट दिसते. मेहुणी अजून आलेली नाही, पण दांडीवरची साडी मी घडी करून ट्रंकेत ठेवली आहे, वरच, हाताला लागेल अशी.

बाईंचं काम झालं. त्या आता लांब दुसऱ्या शहरात नोकरीला आहेत. माझा खडा कॉलेजातल्या कपाटात आहे, नंबर घालून. परवा त्यांचा फोन आला. काका, काडी जगली का? मी म्हणालो, कळत नाही. त्या म्हणाल्या, नखानं साल जरा खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिती आहे.

एवढं मलाही ठाऊक आहे. सकाळी दात घासत मी तिच्यासमोर उभा राहतो. नख तिच्या सालीपर्यंत जातं. पण एकच काडी आहे, बारीक, आणि आज खरवडली की उद्याही खरवडावीशी वाटणार. मी हात मागं घेतो, तांब्यातलं पाणी घालतो आणि म्हशीकडं जातो.